कुरण, रात्र आणि शिबिर : ग्रामशाळेच्या तीन संकल्पना

ग्रामीण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात दारिद्र्य आणि बालविवाह हे दोन घटक परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. मुलगी गुरे राखते, धाकटी भावंडे सांभाळते, म्हणून शाळेत जात नाही. शाळेत जात नाही, म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. हे चक्र भेदण्यासाठी गावसमाजाच्या आधाराने झालेल्या प्रयोगांचा विचार प्रायः शिक्षणशास्त्राच्या अंगाने होतो. तौलनिक अभ्यासकाला मात्र त्यांत आणखी एक प्रश्न दिसतो : शाळेचे स्थळ आणि काळ कोणी ठरवावयाचा?

मराठीतील या प्रश्नाचे मूळ गुजरातीशी जोडलेले आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत स्थिरावले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ घडली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचे तेराव्या वर्षी लग्न झाले होते आणि अल्पावधीतच त्यांना वैधव्य आले होते. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत (१९१०) पती हाच पत्नीचा शिक्षक आहे; तेथे शिक्षण विवाहाच्या चौकटीत घडते. अनुताईंच्या जीवनकथेत ते ती चौकट मोडल्यानंतर सुरू होते. बालविवाहाचा अनुभव दोन्हीकडे आहे. अक्षराचे स्थान मात्र भिन्न आहे.

कोसबादने शाळेचे स्थळ बदलले, तर राजस्थानातील तिलोनियाने तिचा काळ बदलला. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापिलेल्या संस्थेने दिवसा शेळ्या चारणाऱ्या मुलामुलींसाठी रात्रशाळा चालविल्या. मुलांनी निवडलेली ‘बालसंसद’ या शाळांवर देखरेख ठेवी. याउलट, बिहारमध्ये १९९१ च्या अखेरीस शासनाने सुरू केलेली चरवाहा विद्यालये बाह्यतः कुरणशाळेसारखीच होती. परंतु ती वरून आली आणि काही वर्षांतच निष्प्रभ झाली. रूपाचे साम्य म्हणजे आशयाचे साम्य नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

या संपूर्ण परंपरेवरील मूलगामी आक्षेप आंध्र प्रदेशातून आला. शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली एम. व्ही. फाउंडेशनने रंगारेड्डी जिल्ह्यात (आता तेलंगणात) १९९१ पासून अशी भूमिका घेतली, की शाळेबाहेरील प्रत्येक मूल हे बालकामगारच होय. गुरे राखणाऱ्या मुलीस रात्री शिकविणे म्हणजे तिचे दिवसाचे श्रम मान्य करणे. म्हणून मुलांना प्रथम निवासी शिबिरात आणून, वयानुरूप तयारी करून घेऊन, नियमित दिवसशाळेत बसवावे आणि गावानेच त्याची राखण करावी. मुलगी पूर्णवेळ विद्यार्थिनी झाली, की तिच्या लग्नाचा विषय घरापुरता राहत नाही. तो गावाच्या चर्चेत येतो.

या दोन भूमिकांतील वाद सहज मिटणारा नाही. पहिली मुलीचे आजचे जगणे स्वीकारून तिच्यापर्यंत पोहोचते. दुसरी ते जगणेच नाकारते. मात्र दोन्हींची कसोटी एकाच ठिकाणी लागते. २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच हमी देतो, तर मुलीच्या विवाहाचे किमान वय १९७८ पासून अठरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठरापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मधील ४७.४ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २३.३ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे. तरीही जवळजवळ चौथा हिस्सा उरतोच. हक्क संपतो ते वय आणि कायदा लग्नास अनुमती देतो ते वय, यांमध्ये चार वर्षांचे अंतर आहे. गावाजवळ माध्यमिक शाळा नसेल, तर ही चार वर्षे मुलीची राहत नाहीत. कुरण, रात्र आणि शिबिर या तिन्ही संकल्पनांचे मूल्यमापन अखेरीस या चार वर्षांच्या संदर्भातच करावे लागेल.