मेरीमातेचें लुगडें

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं घाटंजीस आमच्या ओसरीवर एक विलक्षण सभा भरली. विदर्भाबाहेरच्या वाचकांस सांगावयास हवें कीं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे मुलें लांकडाचे बैल सजवून मिरवितात. हाच तान्हा पोळा. घरांतील मुलें आपापले बैल पुसून, झूल घालून, कोणाचा सरस यावर भांडत होतीं. एवढ्यांत शेजारचे गृहस्थ हातांत दोन छायाचित्रें घेऊन आले. हे मूळचे वसईकडील रोमन कॅथॉलिक. बँकेंतील नोकरीच्या निमित्तानें आमच्या शेजारीं बिऱ्हाड करून राहिले आहेत, आणि त्यांची वृद्ध आई त्यांच्यापाशीं असते. जिल्ह्यांतील एका लहानशा चर्चच्या कारभारी मंडळावर त्यांना घेतलें होतें. तेथील कोनाड्यांतली मेरीमातेची प्लॅस्टरची मूर्ति ओलीनें भुगा होत चालली होती, दोन्ही हात मनगटापासून गळाले होते. नवी मूर्ति कोणती आणावी, हें ठरविण्याचें काम त्यांच्या गळ्यांत पडलें होतें.

एका छायाचित्रांत जुन्यासारखीच, मुंबईच्या दुकानांत तयार मिळणारी मूर्ति होती: पांढरा झगा, वर निळें वस्त्र, दोन्ही हात खालीं पसरलेले. दुसरें होतें एका जलरंगांतील चित्राचें. त्यांत मेरीमाता लुगडें नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर मूल घेऊन बसलेली. या धर्तीची मूर्ति लांकडांत कोरवून घ्यावी, असा मंडळांतील तरुणांचा आग्रह होता.

"आजी, तुम्ही जन्मभर मूर्ति पाहिल्यात, तुम्हीच सांगा," शेजारी म्हणाले.

आमच्या आजींनीं चष्मा लावून दोन्ही छायाचित्रें निरखून पाहिलीं. "ही निळ्या पदराची परक्या घरची दिसते, ही दुसरी आपल्यांतली. पण बसणार आहे तुमच्या देवळांत. तुमच्या आईला विचारलेंत का?"

शेजारी गप्प बसले. आईला विचारलें होतें, आणि तेथेंच तर घोडें अडलें होतें.

आमची आजवर समजूत अशी कीं, वर्गणी जमली म्हणजे मूर्ति आणावयाची, एवढेंच. पण कॅथॉलिक मंडळींत हा व्यवहार इतका मोकळा नाहीं. त्यांच्या मूर्तींत प्राणप्रतिष्ठा नसते. इ. स. ७८७ सालीं निकाया येथें भरलेल्या धर्मसभेनें निर्णय दिला कीं, प्रतिमेस दिलेला मान प्रतिमेंत न थांबतां, ती जिची असेल तिजकडे पोंचतो. उपासना मात्र एका परमेश्वराचीच. म्हणून पाद्री मूर्तीस आशीर्वाद देतो, तींत देवाला आवाहन करीत नाहीं. आपल्या सगुणोपासकांस हा भेद फार बारीक वाटेल. परंतु याच भेदावरून प्रॉटेस्टंट मंडळींनीं आपलीं प्रार्थनामंदिरें मूर्तींवांचून मोकळीं ठेवलीं. आमच्या यवतमाळांत दोन्ही पंथांचीं माणसें आहेत, आणि बाहेरच्यांस तीं सर्व एकच वाटतात.

पुढें १५६३ मध्यें ट्रेंटच्या धर्मसभेनें ठरविलें कीं, रूढीहून वेगळी अशी कोणतीही प्रतिमा बिशपच्या संमतीवांचून चर्चमध्यें लावूं नये. चारशें वर्षांनीं, १९६३ सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें दार बरेंच उघडलें: चर्चची स्वतःची अशी एकच कलाशैली नाहीं, सर्व काळांच्या व सर्व देशांच्या कलेला तेथें जागा आहे; मात्र मूर्ति बेताच्याच असाव्या व त्यांचा क्रम योग्य असावा, म्हणजे भाविकांचें चित्त विचलित होणार नाहीं. त्या बेतांतच असाही दंडक आहे कीं, सामान्यतः एका संताची एकच प्रतिमा एका चर्चमध्यें असावी. म्हणजे म्हाताऱ्यांसाठीं एक आणि तरुणांसाठीं एक, अशी तडजोड आमच्या शेजाऱ्यांस करतां येईना. यवतमाळ जिल्हा १९५५ मध्यें स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतो. तेव्हां शेवटचा शब्द अमरावतीच्या बिशपसाहेबांचा. पण त्यांच्याकडे पाठवावयाचें काय, हें आधीं येथें ठरावयास हवें.

या वादाचें मूळ फार जुनें आहे. फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत गाइली, आणि तें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत राशोल येथें छापलें गेलें, हें आपण शाळेपासून ऐकतों. म्हणजे शब्दाला मराठी होऊन चारशें वर्षें झालीं. मूर्ति मात्र मागेंच राहिली. कानांनीं मराठी ऐकावें आणि डोळ्यांनीं पोर्तुगाल पहावें, अशी त्या भाविकांची स्थिति झाली.

कारागिरांचा हात एतद्देशीयच होता, ही यांतली गंमत. गोमंतकांत हिंदु कारागिरांनीं ख्रिस्ती प्रतिमा घडवूं नयेत अशी बंदी १५६७ च्या धर्मसभेनें घातली, आणि ती पुढें पुन्हा पुन्हा घालावी लागली. यावरूनच ती कितपत पाळली गेली तें समजावें. आफ्रिकेंतून येणाऱ्या हस्तिदंतांतून सतराव्या शतकांत गोमंतकांत कोरलेल्या बाल-मेंढपाळाच्या मूर्ति पहाव्या. डोंगराच्या उतरंडीवर मेंढरें, झरे, पक्षी, आणि शिखरावर गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेला बाळ येशू. नमुना यूरोपचा, पण ती बैठक व ती मिटलेल्या डोळ्यांची शांति पाहून आपणांस ध्यानस्थ बुद्धाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. बंदी असलेल्या हातांनीं नकळत आपलेंच कांहीं तरी त्यांत ठेवून दिलें.

जाणूनबुजून हें करणारा चित्रकार यावयास विसावें शतक उजाडावें लागलें. अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ सालीं गोमंतकांतील सांतो इस्तेव्ह बेटावर एका कॅथॉलिक कुटुंबांत झाला. वैद्यकीचा अभ्यास सोडून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, तेथील यूरोपी वळण न रुचून शांतिनिकेतनास जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखालीं शिकले. रंगाचा पातळ हात द्यावयाचा, कागद पाण्यांत भिजवून काढावयाचा, पुन्हा हात द्यावयाचा, म्हणजे रंग कागदावर न राहतां कागदांत उतरतो, ही बंगाली रीति त्यांनीं तेथें उचलली. परत येऊन त्यांनीं मेरीमाता काढली ती आपल्या मातीची: सांवळी, लुगडें नेसलेली, अनवाणी.

गोमंतकांतील स्वधर्मीयांस हें सहन झालें नाहीं. पवित्र मातेला या वेषांत दाखविणें म्हणजे विटंबना, असा ओरडा झाला, आणि फोन्सेकांस गांव सोडावें लागलें. आश्रय मिळाला तो पुण्यास, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमांत. हा आश्रम अँग्लिकन पंथाच्या जॅक विन्स्लो यांच्या संघाचा. म्हणजे कॅथॉलिक चित्रकाराला आसरा दिला तो दुसऱ्या पंथानें. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील इतिहाससंशोधक फादर हेरास यांनीं मात्र त्यांस नेटानें उत्तेजन दिलें. त्याच सुमारास मुंबईंत अँजेला त्रिंदाद यांनींही मेरीमातेला साडी नेसविली. विख्यात चित्रकार अंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची ही कन्या. फोन्सेका १९६७ मध्यें वारले. ज्या गोमंतकानें त्यांस घालवून दिलें, तेथेंच आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह जपून ठेवलेला आहे.

एवढें ऐकून आमचे काका, जे इतका वेळ वर्तमानपत्राआड होते, ते म्हणाले, "सगळें खरें. पण लुगडें नेसविलें कीं आमचीं भोळीं माणसें फसायचीं, असा तर यांत हेतु नाहीं ना?" शेजाऱ्यांच्या तोंडावर हा प्रश्न काकांनीं करावा, हें आम्हांस थोडें अवघड वाटलें, पण ही शंका आपल्यांतील पुष्कळांच्या मनांत असते, तेव्हां ती बोलून टाकलेली बरी. शेजारी शांतपणें म्हणाले, "काका, आमच्या घरीं आई नऊवारी नेसते, आजी नेसत असे, पणजी नेसत असे. आम्ही कोणाला फसवायला नेसत होतों?"

काकांस उत्तर सुचलें नाहीं, आणि आम्हांसही नाहीं. नाझरेथची मेरी यहुदी. निळा झगा तिचा नव्हे आणि लुगडेंही नव्हे. इटलीच्या चित्रकारांनीं तिला आपल्या गांवची स्त्री केली, तेव्हां तो वेषांतराचा डाव कोणास वाटला नाहीं. आपल्या देवघराकडेच पहावें. लक्ष्मी-सरस्वतींचें जें रूप आज आपणांस अनादि वाटतें, तें बव्हंशीं रविवर्म्याच्या कुंचल्याचें. १८९४ मध्यें मुंबईस सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यानें तें घरोघर पोंचविलें. आमच्या देवघरांतील लक्ष्मीचें वय, हिशेब केला तर, आमच्या पणजोबांहून कमी भरेल.

म्हणून आम्ही मनांत तरुणांच्या बाजूचे झालों होतों. इतक्यांत शेजाऱ्यांच्या आई स्वतःच आमच्या ओसरीवर येऊन टेकल्या. वसईकडची ख्रिस्ती मंडळी चर्चला सरळ देऊळच म्हणतात, त्या म्हणाल्या, "देवळांतली ती निळ्या वस्त्राची म्हणजे परकी, असें सगळे म्हणतां. माझा धाकटा गेला तेव्हां मी तिच्यापुढेंच बसलें होतें. ती परकी कशी?"

ओसरी एकदम निःशब्द झाली. वांद्र्याच्या डोंगरावरची मेरीमाता आम्हांस आठवली. ती मूर्ति पोर्तुगीज काळांतली, तोंडवळा यूरोपी. १७०० सालीं मस्कतच्या चांच्यांनीं तिचा उजवा हात तोडला, पुढें मराठी स्वाऱ्यांच्या धामधुमींत देऊळही उद्ध्वस्त झालें. तरी कोळी लोक तिला 'मोत माउली' म्हणून नवस बोलतात, आणि सप्टेंबरांतील जत्रेस सर्व जातींची माणसें मेणबत्त्या घेऊन डोंगर चढतात. तिला कोणीं लुगडें नेसविलें नाहीं. नांव मात्र मराठी दिलें. वसईच्या मोहिमेनंतर, १७३९ मध्यें, तेथील चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, तीच गोष्ट. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हें ख्रिस्ती साल आहे. ती आली जिंकून. पण गोदाकाठच्या माणसाला आज विचारा, ती कोणाची म्हणून! आपण तर मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणूं लागलों.

तेव्हां नेसवण्यानें मूर्ति आपली होते, कीं तिच्यापुढें बसल्यानें? दोन्ही बाजूंस खरें होतें, आणि कोनाडा एकच.

मग गोष्ट वेषावरून द्रव्यावर आली, आणि तेथें आजींचा अनुभव कामास आला. प्लॅस्टरची मूर्ति स्वस्त व गोंडस. असल्या मूर्ति गेल्या शतकांत पॅरिसच्या सँ-सुल्पीस या चर्चभोंवतालच्या दुकानांतून सूचीपत्रावरून साऱ्या जगभर जात, आणि त्या भागावरून त्या गुळगुळीत गोडव्याला फ्रेंच भाषेंत नांवच पडलें आहे. पण ओल लागली कीं प्लॅस्टर फुगतें, मऊ पडतें, आणि पहिल्यानें जातात तीं बोटें. फायबरची मूर्ति टिकते, परंतु आजींच्या मतें "ती वाजवून पाहिली तर डब्यासारखी वाजते." संगमरवर महाग, आणि लहान कोनाड्यास जड. राहिलें लांकूड. आमच्या जिल्ह्याचें सागवान प्रसिद्ध आहे. तें पुरतें मुरलेलें असेल तर वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. मात्र आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर चढतो. ओलें लांकूड कोरलें तर वैशाखांत तोंडावरच चीर पडावयाची.

मुलांचे बैल ज्यांनीं केले होते, ते सुतार त्याच वेळीं एका बैलाचें निखळलेलें चाक बसवावयास आले होते. शेजाऱ्यांनीं चाचरत त्यांच्यापुढें चित्र धरलें. सुतारांनीं तें दूर धरून पाहिलें, जवळ धरून पाहिलें, आणि विचारलें, "उंची किती?"

कोनाडा साडेतीन फुटांचा. शेजारी माप सांगूं लागले, तों त्यांच्या आईंनीं दोन्ही छायाचित्रें आपल्या मांडीवर घेतलीं.

"लुगडें नेसवा," त्या बऱ्याच वेळानें म्हणाल्या. "मी काय नाहीं म्हणतें? पण बसवूं नका, उभी करा. आणि हात हे असे, खालीं पसरलेले ठेवा. तिचे हात गळून पडले त्या पावसापासून मला तिथें बसवत नाहीं."

सुतारांनीं निळ्या मूर्तीच्या हातांवर बोट फिरविलें. "एका लांकडांत नाहीं साधायचे, आई. हात पुढें आले कीं तंतु आडवा जातो, बोटें मोडतील. हात वेगळे कोरून खुंटीनें बसवीन. सांधा पदराखालीं जाईल."

"दिसणार नाहीं ना?"

"दिवाळीनंतर लांकूड पाहूं," सुतार म्हणाले, आणि बैलाचें चाक ठोकावयास बसले. अमरावतीस पाठवावयाच्या अर्जाबरोबर आतां दोन छायाचित्रें गेलीं आहेत, आणि त्या दोहोंवरून आमच्या थोरल्या पुतण्यानें काढलेलें एक तिसरें चित्र.