विजेची गाडी आणि मागचे ओझे

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या दक्षिणेस, उतई हे लहान नगर आहे. भोवतालचा प्रदेश भातशेतीचा आहे. त्यामुळे ट्रॅक्टरमागे धावणारी ट्रॉली हे तेथील रस्त्यांवरचे नित्याचे दृश्य होय. ट्रॅक्टर मुळातच ओझे ओढण्यासाठी घडविलेला असतो. विजेवर चालणारी प्रवासी गाडी तशी नसते. तिच्यामागे ट्रेलर जोडावयाचा झाल्यास काही गोष्टी आधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

पेट्रोलच्या इंजिनाला पूर्ण जोर येण्यासाठी गती घ्यावी लागते. विजेची मोटर मात्र चाके फिरू लागतानाच आपला सर्व जोर देऊ शकते. त्यामुळे मागे पाचशे किलोग्रॅमचा ट्रेलर असला, तरी गाडी सहज निघते आणि चालकाला ओझे जाणवत नाही. धोका नेमका येथेच आहे. खरा प्रश्न ओढण्याचा नसून थांबण्याचा असतो. १,५०० किलोग्रॅमच्या गाडीस हा ट्रेलर जोडला, तर त्याच वेगातून थांबताना एक तृतीयांश अधिक ऊर्जा शोषून घ्यावी लागते. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, की ही ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. म्हणूनच युरोपात ७५० किलोग्रॅमपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात.

पायाचा दाब कमी होताच विजेची गाडी मोटरच्या साहाय्याने वेग घटविते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत साठविते. ही सोय उपयुक्त असली, तरी तिला दोन मर्यादा आहेत. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास ती ही ऊर्जा स्वीकारू शकत नाही. तेव्हा घाट उतरताना सर्व भार नेहमीच्या ब्रेकांवर पडतो. शिवाय हा रोध केवळ गाडीच्या चाकांना होतो, आणि ट्रेलर मागून रेटतच राहतो. ओल्या रस्त्यावर पाय एकदम उचलल्यास गाडी व ट्रेलर यांची सरळ रेषा मोडण्याचा संभव असतो. यासाठी पाय हळूहळू उचलावा.

ओझ्याची मांडणीही तितकीच महत्त्वाची आहे. बैलगाडीत माल मागच्या बाजूस अधिक झाला, की ती उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच आहे. जड वस्तू आसाजवळ, किंचित पुढे ठेवाव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडणीवर यावा. मात्र तो गाडीच्या अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक नसावा. मागे भारलेला ट्रेलर वेगात डोलू लागतो. अशा वेळी चाक झटक्याने वळवू नये आणि ब्रेकही जोरात दाबू नये. वेग क्रमाक्रमाने कमी होऊ द्यावा.

प्रवासाचे अंतरही नव्याने मोजावे लागते. दुर्गहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. शंभर किलोमीटरला १५ युनिट वीज घेणारी गाडी ४० युनिटांच्या बॅटरीवर हे अंतर जेमतेम कापील. उंच ट्रेलरमुळे वाऱ्याचा विरोध वाढून वीज दुप्पट लागली, तर तीच गाडी १३३ किलोमीटरवरच थांबेल. वाटेतील चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडून ठेवण्यास मोकळी जागा आहे काय, हेही पाहून ठेवावे.

कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे केवळ सामान नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या व्याख्येनुसार तो स्वतंत्र वाहन आहे. म्हणून त्याची नोंदणी करावी लागते आणि विमाही उतरवावा लागतो. ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर लावणे आवश्यक आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास हाच कायदा प्रतिबंध करतो. शिवाय विजेच्या गाडीत बॅटरी बहुधा तळाशीच बसविलेली असते. तेथे अनधिकृतपणे छिद्रे पाडून हुक बसविणे हे जिवावर बेतू शकते.

यास्तव पहिला निर्णय गाडीच्या माहितीपुस्तिकेवरून घ्यावा. ओढावयाच्या वजनाची मर्यादा तीत दिलेली नसेल, किंवा ट्रेलर ओढण्यास मनाई असेल, तर मोटरमध्ये कितीही जोर असला, तरी त्या गाडीस ट्रेलर जोडू नये. माल नेण्यासाठी मालवाहू वाहन भाड्याने घेणे हाच तेथे सुरक्षित मार्ग होय.