कपाटात ठेवलेली ब्रँडी आणखी मुरते का?

देऊळघाटच्या मामांनी मुलाने फ्रान्सहून आणलेली आर्मान्याक ब्रँडी १२ वर्षं कपाटात जपली. ‘मुरू दे, मग मित्रासोबत उघडू.’ मित्र गेल्या वर्षी गेला. दिवाळीत बाटली उघडली. आयुष्यभर व्हिस्कीच घेतलेले मामा पहिल्या घोटाला म्हणाले, “अरे, याला तर खारकेचा वास आहे!”

व्हिस्कीपेक्षा वेगळी कशी?
व्हिस्की मूळची धान्याची. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बऱ्याचदा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. आर्मान्याक बनते द्राक्षाच्या वाइनपासून, फ्रान्सच्या गॅस्कनी भागात. कोन्याकसाठी वाइन दोनदा गाळतात, आर्मान्याकसाठी बहुधा एकदाच. त्यामुळे फळाचा गंध जास्त टिकतो.

ती मुरते कुठे?
ओकच्या पिंपात. रंग आणि व्हॅनिलासारखा वास लाकडातून येतो, सुकामेव्याची चव वर्षं सरतील तशी. ‘व्हीएसओपी’ म्हणजे पिंपात किमान ४ वर्षं, ‘एक्सओ’ म्हणजे किमान १०.

आणि बाटलीत?
काचेत मुरणं थांबतं. म्हणूनच तिथले उत्पादक पुरेशी मुरलेली आर्मान्याक पिंपातून काचेच्या मोठ्या बरण्यांत काढून ठेवतात.

म्हणजे मामांची बाटली १२ वर्षांपूर्वीही अशीच लागली असती. तेव्हा सोबतीला मित्रही होता.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)