घरातल्या मांजराला किती खायला घालावे?

मराठी घराला मांजर नवे नाही. नवी आहे ती बाल्कनीची जाळी. वाड्यात, चाळीत, कोकणातल्या घरात मांजर असे ते मुख्यतः उंदरांसाठी. सकाळी करवंटीत थोडा दूधभात, दुपारी माशाची डोकी एवढे त्याला घरातून मिळे. बाकीचे ते स्वतः मिळवी: माळ्यावरचे उंदीर, परसातले सरडे, पाली, पाखरे, आणि शिंके तुटलेच तर बोक्याचे फावत असे. त्यामुळे ‘मांजराला किती घालायचे?’ हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. दूधभात हेच मांजराचे अन्न, ही समजूत मात्र त्या काळापासून आपल्याकडे राहिली. प्रत्यक्षात दूधभात हा वरखर्च होता. संसार चालत होता तो उंदरांवर.

आज सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाळीआड मांजर राहते. ते पडत नाही, गाडीखाली येत नाही, भांडणात जखमी होत नाही, जाळी हवीच. पण तिने मांजराची शिकारही बंद केली. आता त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास आपल्या हातून जातो. काय कमी पडले तर ते बाहेरून भरून आणू शकत नाही, आणि जास्त झाले तर धावून जिरवायला त्याला जागा नाही. म्हणून हा प्रश्न आता नीट मांडायला हवा. त्यासाठी एक नेहमीचे उदाहरण घेऊ: दीड-दोन वर्षांचे, ४ किलो वजनाचे, नसबंदी झालेले, दिवसातून दोनदा सोफ्यावरून कपाटावर झेपावणारे घरातले मांजर.

उंदराच्या मापाचे पोट

जगभरच्या पाळीव मांजरांचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. हा एकट्याने शिकार करणारा छोटा प्राणी. त्याची शिकारही छोटी. एका लहान उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात. (पाकिटावर ‘किलोकॅलरी’ लिहिलेले असते, बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो.) म्हणजे ४ किलोच्या मांजराला दिवसाकाठी आठ-नऊ उंदीर हवेत, आणि ते एका बैठकीत नव्हे, दिवसरात्रीत विखुरलेले. म्हणून मांजर बशीतले दोन घास खाते, निघून जाते, तासाभराने पुन्हा येते. हे नखरे नव्हेत; त्याचे पोटच त्या मापाचे आहे.

उंदीर हे जवळजवळ पूर्ण अन्न आहे. त्यात मांस, हाडे, यकृत, हृदय सगळे येते. मांजराच्या शरीराने त्यावर इतका भरवसा ठेवला की काही घटक स्वतः पुरेसे तयार करण्याची क्षमता त्याच्यात उरली नाही. टॉरिन हे त्याचे ठळक उदाहरण. टॉरिन न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे १९७५ साली दाखवण्यात आले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी मांजरांमधल्या एका गंभीर हृदयविकाराचे मूळ टॉरिनच्या कमतरतेत शोधले. ही मांजरे तयार खाद्य खाणारी होती; त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरिन वाढवले. टॉरिन मांसात असते. भातात, पोळीत नसते, आणि दुधात नगण्य असते.

तेव्हा ‘किती’च्या आधी ‘काय’ ठरवायला हवे. नुसता दूधभात अपुरा आहे. नुसते उकडलेले चिकनही अपुरेच, कारण हाडांशिवायच्या मांसात कॅल्शियम फार कमी असते. वाढत्या पिल्लाला तेवढेच दिले तर हाडे ठिसूळ होऊन मोडू शकतात. रोज भरपूर यकृत दिले तर जीवनसत्त्व ‘अ’ साठत जाऊन मणके जखडतात. कांदा-लसणाचे वाटण पडलेला रस्सा तर अजिबात नको. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तयार खाद्य घेताना पाकिटावर ते ‘पूर्ण आणि संतुलित’ असल्याचा उल्लेख पाहावा. काही पाउच केवळ पूरक खाऊ असतात, जेवण नव्हे. घरीच शिजवायचे असेल तर पशुवैद्याकडून पाककृती मापासह घ्यावी.

चार किलोचा हिशेब

प्राणी जितका लहान तितकी त्याची किलोमागे ऊर्जेची गरज जास्त. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली हे नाते सूत्रात बसवले, आणि पशुवैद्य आजही त्याच धाग्यावर हिशेब करतात. घरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर तो असा होतो: किलोतील वजन तीनदा गुणावे, आलेल्या संख्येचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि त्याला ७० ने गुणावे. ४ किलोसाठी ४×४×४ म्हणजे ६४; वर्गमूळ ८; पुन्हा वर्गमूळ सुमारे २.८३, गुणिले ७०, म्हणजे सुमारे २०० कॅलरी. ही झाली नुसते पडून राहण्याची गरज.

हिंडण्याफिरण्याचे त्यात मिळवायचे. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजराला याच्या १.२ पट, म्हणजे २४० कॅलरी. नसबंदी न झालेल्याला १.४ पट, म्हणजे २८०. वाढत्या पिल्लाला सुमारे अडीच पट लागते, ती वर्षभरात उतरत प्रौढांच्या पातळीवर येते. याच रीतीने नसबंदी झालेल्या ३ किलोच्या मांजराला सुमारे १९० आणि ५ किलोच्याला सुमारे २८० कॅलरी येतात. मात्र वजन धरायचे ते असायला हवे तेवढे. जे फुगले आहे ते नव्हे.

नसबंदीचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती बहुधा सहा महिन्यांच्या आसपास होते. त्यानंतर काही आठवड्यांतच ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. नेमक्या त्याच वेळी ‘ऑपरेशन झालंय बिचाऱ्याचं’ म्हणून घरात लाड सुरू होतात. पुष्कळ मांजरांचे वजन चढायला लागते ते येथूनच.

आता कॅलरींचे ग्रॅम करू. सुक्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात. ३८० धरल्या तर २४० कॅलरींसाठी ६३ ग्रॅम दाणे पुरतात. ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते, म्हणून तेवढ्याच कॅलरींना ८०-८५ ग्रॅमचे साधारण तीन पाउच लागतात. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले असल्याने ते मुळात पाणी कमी पिते. थोडे ओले, थोडे सुके असा मेळ त्यामुळे सोयीचा पडतो. दाण्यांचे माप वाटीने घेऊ नये. दाण्याचा आकार बदलला की वाटीतले वजन बदलते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळी एकदाच दिवसभराचे दाणे मोजून डब्यात काढावेत आणि दिवसभर त्यातूनच द्यावेत. घरातल्या चौघांनी ‘मी आत्ताच घातलं’ आणि ‘मला वाटलं घातलं नाही’ यात जो घोळ होतो, तो या एका डब्याने थांबतो.

अर्धा कप दूध म्हणजे किती?

२४० कॅलरींचा हा अर्थसंकल्प फार चिमुकला आहे, आणि आपला हात मात्र माणसांच्या मापाला सरावलेला. अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात १०० किंवा किंचित जास्त कॅलरी असतात. आपल्या दृष्टीने तो चहापुरता अंश. मांजराच्या दृष्टीने दिवसाच्या आहाराचा चाळीस टक्के वाटा. शिवाय मोठेपणी पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि जुलाब होतात. मजा म्हणजे ती साखर त्याला कळतही नाही: गोडाची चव घेणारे जनुक मांजरात निकामी झाले आहे, हे २००५ साली उलगडले. त्याला ओढ असते ती दुधातल्या स्निग्धांशाची.

रोज नकळत २० कॅलरी जास्त गेल्या, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम दाणे, तर वर्षाच्या ७,३०० होतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. शरीर त्यातल्या काही खर्चून टाकते, पण हिशेबाची दिशा स्पष्ट आहे. ४ किलोच्या मांजराचे किलोभर वजन वाढणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे १५ किलोने वाढणे. अशा मांजरांना मधुमेह, सांधेदुखी आणि मूत्रमार्गाचे आजार यांचा धोका वाढतो. म्हणून खाऊ द्यायचाच तर दिवसाच्या दहा टक्क्यांत, म्हणजे २४ कॅलरींत बसवावा आणि तेवढे दाणे कमी करावेत.

अखेरचे माप हाताचे

सूत्र सुरुवात करून देते. ते अखेरचे उत्तर नव्हे. एकाच वजनाच्या दोन मांजरांची गरज पाव-अर्ध्या पटीने वेगळी असू शकते. दिवसभर खिडकीत बसणारे एक, आणि रात्री घर डोक्यावर घेणारे दुसरे. म्हणून दर पंधरा दिवसांनी वजन करावे. आधी मांजराला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने. वजाबाकी म्हणजे मांजर.

त्याबरोबर बरगड्यांवरून हलका हात फिरवावा. आपलाच हात पालथा पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवले असता हाडे जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर मांजर योग्य. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कृश. तळहाताच्या मांसल भागासारखे काहीच लागले नाही तर जाड. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी पाहून मात्र घाबरू नये. ती सडपातळ मांजरातही असते. वजन वाढत किंवा घटत असेल तर माप एकदम न बदलता दहा टक्क्यांनी बदलावे आणि पुन्हा पंधरा दिवस पाहावे.

मागणे आणि भूक

आता उरला सर्वांत अवघड भाग: ते ओरडते त्याचे काय? ससेक्स विद्यापीठातील कॅरेन मॅकोंब आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की खाणे मागताना काही मांजरे आपल्या गुरगुरण्यात एक उंच, रडवा स्वर मिसळतात. तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळ जातो आणि माणसाला अस्वस्थ करतो. पहाटे चारला आपण उठतो ते या स्वरामुळे. आपण उठलो की मांजर शिकते, ‘असे केले की मिळते’. त्यातून भूक सिद्ध होत नाही.

तरुण मांजराला पुष्कळदा हवी असते ती शिकार. रोजचे मोजलेले दाणे चार-पाच वेळांत विभागावेत. काही कागदाच्या गुंडाळीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून शोधायला लावावेत. रात्री दोरीला बांधलेल्या पिसामागे दहा मिनिटे पळवून मग शेवटचे खाणे द्यावे. कॅलरी तेवढ्याच राहतात आणि पहाटेचा गजर बराच कमी होतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. मांजराला उपाशी ठेवून बारीक करता येत नाही. खाणे तुटले की, विशेषतः जाड मांजरात, अंगातली चरबी यकृतात साठते आणि काही दिवसांत जिवावर बेतू शकते. वजन उतरवायचे ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, आठवड्याला सुमारे एक टक्का इतक्या धिम्या गतीने. याच कारणाने या दिवाळीत एक नजर पलंगाखाली असू द्यावी. फटाक्यांच्या भीतीने लपलेले मांजर दिवसभर जेवले नाही, तर शांत खोलीत त्याच्याजवळ पाणी आणि किंचित कोमट केलेले ओले खाद्य ठेवावे. दुसऱ्या दिवशीही त्याने तोंड लावले नाही, तर सुट्टी संपण्याची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. दाणे रोज मोजलेले असले, की डब्यात किती उरले ते पाहून हे त्याच दिवशी कळते.