तिकीट कोणाचें, नफा कोणाचा?

आमच्या डाळजकडे तमाशाचा तंबू लागला, कीं तिकीट दारावरच मिळतें. परंतु जागा मोजक्या आणि रसिक लाखों, म्हणजे निराळाच खेळ सुरू होतो.

कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे जलसे जानेवारी २०२५ मध्यें नव्या मुंबईंत झाले. तिकिटें २२ सप्टेंबर २०२४ रोजीं विक्रीस निघालीं. दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. माझा नातू मोबाइल घेऊन बसला, तों रांगेंत त्याचा क्रमांक लाखांपलीकडे! तिकिटें संपलीं, आणि तींच अन्यत्र लाखांच्या भावानें दिसूं लागलीं.

असें कां व्हावें? रसिक दुरावूं नयेत म्हणून जलसा भरविणारा मागणीच्या मानानें दर कमीच ठेवतो. त्याहून पुष्कळ अधिक देणारे असतातच. तो मधला फरक दलाल उचलतो. गाणें त्याचें नाहीं, मंडपही त्याचा नाहीं.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं ‘संयुक्त मानापमान’ केलें. तेव्हां दर मुद्दामच चढे ठेविले. पण उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. गरीब रसिक बाहेर राहिला, हें मात्र तेव्हांही चुकलें नाहीं.

तिकिटावर नांव घालून दारांत पडताळावें, असें सुचविलें जातें. मग आजारी पडणाऱ्यानें काय करावें? त्याचें तिकीट भरविणाऱ्यानेंच मूळ दरानें परत घ्यावें, हें मला रास्त वाटतें.

नातवानें शेवटीं २६ जानेवारीचा अहमदाबादचा जलसा घरींच पडद्यावर पाहिला.