वारली माणूस, त्याची जमीन आणि त्याची बोली

वारली चित्रे आपण साडीवर, कपावर पाहतो. ती काढणारा समाज मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तो आपल्यासारखाच भातशेतकरी आहे.

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा आणि सीमेपलीकडे दक्षिण गुजरात, दादरा-नगर हवेली ही वारल्यांची भूमी. 'वारल' म्हणजे जमिनीचा लहान तुकडा, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. राब भाजून भाताचे रोप करायचे, वरकस जमिनीत नागली-वरई घ्यायची. धान्य म्हणजे त्यांची कणसरी देवी. पीक हाती आले की वाळक्या भोपळ्याचा तारपा वाजू लागतो.

लग्नघरी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, त्यात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. लग्न लावणारी बाई! आपण सुधारलेले म्हणवणारे अजून तिथवर पोहोचलो नाही. ही चित्रकला जगभर नेणारे डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते वारले.

आता बोलीविषयी. वारली बोलीला स्वतःची लिपी नाही. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत 1905 साली ती मराठीच्या खंडात नोंदली गेली. गुजरातीचाही तिला शेजार आहे. तिला 'अशुद्ध मराठी' म्हणणे बरे नव्हे. असे हिणवले की पहिलीतले पोर गप्प होते, आणि शेतकरी सभेत त्याचा बापही. भाताचे बियाणे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवा, तरंगेल ते काढून टाका, हे आम्ही पुस्तकी मराठीत सांगितले की माना नुसत्या डोलतात. गावच्याच पोराने बोलीत सांगितले, की बायका लगेच विचारतात, "मग धुवायचे कितीदा?" (दोनतीनदा, स्वच्छ पाण्याने.)

जमिनीची कथा कडू आहे. सावकार-जमीनदारांनी जमिनी घेतल्या आणि मूळ मालकालाच वेठीला धरले. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या उपस्थितीत वारल्यांनी वेठ न करण्याचे ठरवले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच जण मेले. वेठ गेली, जंगलजमिनीचा प्रश्न उरला. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला पट्टा मिळू शकतो, आणि तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. आपल्या गावी असे दावे असतील तर ग्रामसभेत चौकशी करा, आणि बाईचे नाव कागदावर आले आहे ना, ते स्वतः पाहा.