डाव्या हाताची कात्री

शीर्षक वाचून काही वाचक म्हणतील, भाषेच्या पानावर शिंप्याच्या कात्रीचे काय काम? आम्हालाही तसे वाटले असते. पण दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या किला गेटपाशी एका छोट्या दुकानात आम्हाला जो धडा मिळाला, तो पंचवीस-तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात मिळाला नव्हता. तो आपल्या सीमाभागातील मराठी पालकांपुढे आणि विशेषतः शिक्षकबंधूंपुढे मांडणे आम्हाला कर्तव्य वाटते.

आम्ही चार शिक्षक डिसेंबरच्या सुट्टीत ग्वाल्हेरला गेलो होतो. निमित्त तानसेन समारोहाचे. आमच्यापैकी एक संगीत शिक्षक. आपल्या मिरज-इचलकरंजी भागाला ग्वाल्हेरचे नाव नवे नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्याशिवाय तिकडच्या मराठी माणसांची भाषा आज कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहण्याची समितीच्या कामामुळे लागलेली सवयही आमच्यासोबत होतीच. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी तेथे स्थिरावली आणि तिचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. दरबारचा कारभार मोडीत चालत असे. राजकवी भा. रा. तांबे तेथलेच. १९६१ साली ग्वाल्हेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षा होत्या कुसुमावती देशपांडे. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. असा हा मराठीचा जुना मुलूख.

किल्ल्याला पायी चढण्याची पूर्वेकडील वाट किला गेटपासून सुरू होते. पायथ्याशी राजा मानसिंह तोमराने बांधलेला गुजरी महाल आहे. त्यात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. चढायला सुरुवात करणार तोच आमच्या एका सहकाऱ्याच्या पिशवीचा पट्टा तुटला. समोरच्या बाजारात दोन-चार शिवणयंत्रे घरघरताना दिसली. त्यांतल्या एका दुकानात शिरलो.

दुकानदार सत्तरीच्या घरातले. आम्ही आपसात बोलतो आहोत हे ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, “या, बसा. पाच मिनटात करून देतो. आपण दक्खनचे का?” आम्हाला आनंद झाला. त्यांच्या घरातली समजूत अशी की, पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले. घरी अजून मराठी बोलतात. आई, वरण, पुरणपोळी, हळदीकुंकू हे सगळे शब्द शाबूत. पण दुकानातल्या वस्तूंवर बोट ठेवले की एकही मराठी शब्द येईना. कात्रीला कैंची, मापाला नाप, शिवणीला सिलाई, टिपेला बखिया. आम्ही ‘कात्री’ म्हटले तेव्हा क्षणभर थांबून ते म्हणाले, “हो हो, आजी म्हणायची कातर.”

वाचकहो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भाषा घरातून सर्वांत शेवटी जाते. आधी ती कचेरीतून जाते, मग शाळेतून, मग धंद्यातून. स्वयंपाकघरात ती तग धरून राहते म्हणून आपण निर्धास्त असतो.

एका कात्रीची पाच कामे

त्यांनी काम सुरू केले तेव्हा आम्ही पाहत राहिलो. हातात दहा इंची, जड, काळसर कात्री. तिच्या टोकाने त्यांनी जुनी टीप एकेक टाका उचलून उसवली. कॅनव्हासचा तुकडा बेतून कापला. दोन तुकडे जिथे जुळवायचे तिथे कडेला बारीक कातरा दिला. शिवून झाल्यावर दोरा तोडला आणि शेवटी कात्रीच्या बोथट पाठीने शिवण दाबून बसवली. एका हत्याराने पाच कामे!

आमचे सहकारी म्हणाले, “आता बाजारात सगळ्या कामांची एकच कात्री मिळते. कापड, कागद, तार, बाटलीचे झाकण, सगळे एकीतच.” म्हातारबुवा हसले. “ती कैंची सगळे काम करते म्हणून कापडाचे काम करत नाही,” ते म्हणाले. त्यांचा नातू कागद कापायला हीच कात्री मागतो, पण ते देत नाहीत. त्याला कारण आहे. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात पांढरी माती किंवा चुनखडीची पूड मिसळलेली असते. ती धारेला झिजवते आणि मग तीच कात्री मलमल कापताना कापड चावते. आपल्या घरोघरी शिवणाची कात्री वहीची पुठ्ठ्याची कव्हरे, दुधाची पिशवी आणि नारळाची दोरी कापून पंधरा दिवसांत निकामी होते. तिला धार लावून घेण्यापेक्षा कागदासाठी वेगळी कात्री ठेवणे स्वस्त पडते, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

ती कात्री मेरठची होती. मेरठ हे कात्र्यांचे जुने गाव. मोटारींच्या कमानी आणि असेच भंगारातले पोलाद तापवून, ठोकून तेथे पाती करतात. २०१३ साली मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी अशी तिची ख्याती. धार गेली तर लावता येते, खिळा सैल झाला तर आवळता येतो.

आमची चूक

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते कात्री डाव्या हाताने चालवत होते. आम्ही ती सहज हातात घेऊन कापडाची चिंधी कापू लागलो, तर कापेना! चिंधी दोन पात्यांच्या मधे दुमडून अडकली. आम्ही खिळा सैल आहे का पाहिले. ते म्हणाले, “सर, कैंची ठीक आहे. आपला हात उलटा आहे.”

मग त्यांनी समजावून सांगितले. कात्रीची पाती सरळ दिसली तरी किंचित बाकदार असतात. एका वेळी ती एकाच बिंदूत भिडतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. कापड कापले जाते ते त्या बिंदूत. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा बाहेर ढकलतो, बोटे आत ओढतात आणि या जोराने पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात दिली की तोच जोर पाती एकमेकांपासून दूर लोटतो. मधे फट पडते, कापड त्यात घुसते. शिवाय वरचे पाते खडूची रेघ झाकून टाकते. कात्री उलटी धरूनही उपयोग नाही. कशीही फिरवली तरी ती उजवीच राहते. डावखुऱ्यासाठी पात्यांची मांडणीच आरशातल्यासारखी उलटी करावी लागते. त्यांच्या लहानपणी उस्ताद डाव्या हातावर गज मारीत असत. पुढे ऐपत आल्यावर त्यांनी ही कात्री मुद्दाम बनवून मागवली आणि म्हणाले, “त्या दिवशी कळले की मी बुद्धू नव्हतो.”

त्या वाक्याने आम्ही गप्प झालो. कारण आम्हाला आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी आठवली. कार्यानुभवाच्या तासाला कागदाचे झबले कापायचे होते. साऱ्या वर्गाचे झाले, हिचा कागद फाटत होता. डावखुरी होती, हे आम्हाला माहीत होते. लिहिताना आम्ही तिला कधी अडवले नाही आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण कात्रीला हात असतो हे आमच्या डोक्यातही आले नाही. “तुझे लक्षच नाही,” म्हणून आम्ही तिला चारचौघांत रागावलो आणि प्रगतिपत्रकावर ‘हस्तकौशल्यात सुधारणा आवश्यक’ असा शेराही मारला. दहावीनंतर तिच्या आईने शिवणवर्गाला घालायचे ठरवले, तेव्हा ती म्हणाली होती, “माझ्या हातात कात्री चालत नाही. सरांनीच सांगितलंय.” ती काजूच्या कारखान्यात रोजंदारीवर जाऊ लागली.

डावखुरी माणसे साधारण दहांत एक असतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात तीन-चार. इतक्या वर्षांत आमच्या हाताखालून किती गेली असतील, याचा हिशेब करण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

परत आल्यावर आम्ही एक डाव्या हाताची कात्री मागवली आणि तिच्या घरी गेलो. तिने आधी घेतलीच नाही. आईने जुन्या लुगड्याचा तुकडा पुढे केला, आम्ही खडूने रेघ मारली. तिने कात्री चालवली. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापली गेली. तिने तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाली, “म्हणजे माझं चुकत नव्हतं तर.”

आम्ही तिची माफी मागितली. शिक्षकाने विद्यार्थिनीची माफी मागावी की नाही, यावर कोणाला वाद घालायचा असेल त्याने खुशाल घालावा.

भाषेचाही हात असतो

आता भाषेकडे येऊ. गावोगावच्या शिवणवर्गांत आपल्या मुली जातात. एका वर्गात आम्ही स्वतः पाहिले की, बेतण्याचे सारे तक्ते आणि परीक्षेचे कागद अशा भाषेत होते जी तेथल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हती. हात उत्तम चालणारी बाई लेखी परीक्षेत नापास झाली आणि प्रमाणपत्रावाचून राहिली. ती घरी जाऊन म्हणाली, “मला डोकं नाही.” आम्ही सातवीतल्या मुलीला जे केले, तेच येथे भाषेच्या बाबतीत झाले. हत्यार उलट्या हाताचे आणि दोष मात्र हाताला!

घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३५० अ घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करून द्यावी, असा त्याचा आशय. मागणी करताना आपण हे कलम नेहमी सांगतो. त्याचे कारणही सांगायला हवे. मूल शिकते तेव्हा पाती जुळावी लागतात.

याचा अर्थ शेजारची भाषा शिकू नये असा मुळीच नाही. उलट कात्रीच याची साक्ष देते. संस्कृत ‘कर्तरी’पासून मराठीत कात्री आणि कातर आली, कन्नडमध्ये तीच ‘कत्तरी’, कोकणी आणि गुजरातीत ‘कातर’. कन्नडमधला ‘सिंपिग’ आपल्या ‘शिंपी’ला किती जवळचा! ‘कैची’ हा शब्द तुर्कीतून उत्तरेत आला आणि आपल्याकडेही अनेक भागांत रुळला. अस्तर आणि अंगुस्ताना फारशीतून आले. शर्टाचे ‘काज’ आले ते पोर्तुगीज ‘काझा’वरून, म्हणजे घर. बटणाचे घर ते काज. गोव्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे कोणी शाळेत सांगितले नाही. शिंप्याच्या एका टेबलावर इतक्या भाषा सुखाने नांदतात. त्यांच्यात भांडण नाही, कारण प्रत्येक शब्द आपल्या कामावर आहे.

आणि मराठी शिंपी उत्तरेत गेला तर काय होते, याचे सर्वांत थोर उदाहरण संत नामदेव. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात त्यांनी मनाला गज आणि जिभेला कातर म्हटले आहे. तेथली भाषा त्यांनी आपली केली, पण उपमा घरच्या धंद्याची ठेवली. त्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या पंजाबातील घुमान येथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले. दुसरी भाषा शिकूनही आपली जीभ बोथट होऊ न देणे म्हणजे काय, हे यातून घ्यावे.

एवढे तरी करू

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पेढे वाटले, चांगले झाले. आता गावपातळीवर तीन साध्या गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, प्रत्येक शाळेत आणि शिवणवर्गात निदान दोन डाव्या हाताच्या कात्र्या असाव्यात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली तरी हे जमण्यासारखे आहे. १३ ऑगस्ट हा जगभर डावखुऱ्यांचा दिवस मानतात. त्या दिवशी वर्गातल्या डावखुऱ्या मुलांची नावे शिक्षकांनी टिपून घ्यावीत.

दुसरी, आपल्या गावातल्या जुन्या शिंप्याकडे वही घेऊन बसावे. मुंढा, गळा, बाही, कळी, पट्टी, दुमड, धावदोरा, हातशिलाई, कातरा, कातरण, उसवणे, बेतणे हे शब्द त्यांच्या तोंडून लिहून घ्यावेत. किला गेटच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना आजीची ‘कातर’ तरी आठवली. आपल्या नातवंडांना काय आठवेल, ते आपल्या आजच्या वहीवर आहे.

तिसरी, शिवणवर्ग चालवणाऱ्या भगिनींनी हे शब्द आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत असे तिन्ही भिंतीवर लावावेत. मुलगी मराठीतून शिकेल, कन्नडमधून गिऱ्हाईक सांभाळेल आणि इंग्रजीतून कारखान्याचा अर्ज भरेल. एकही भाषा वाया जाणार नाही.

निघताना आम्ही पट्ट्याचे पैसे विचारले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, “घरचे लोक आलात. तो शब्द पुन्हा एकदा सांगा.” आम्ही सांगितला, “कात्री.” त्यांनी दोनदा म्हटला आणि कात्री पुढच्या कापडाला लावली.

ती मुलगी आता रविवारी शेजारच्या बाईकडे बेतायला शिकते. तिचे पहिले झबले भावाच्या मुलीला बसले. बाही जरा तोकडी झाली आहे, पण ती कापण्याची चूक नाही. मापाची आहे, आणि माप शिकवता येते.